घेतलेली मेमरी परत कोणी करायची?

(हेब्बाळ, बंगळूर येथे मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर अभियांत्रिकीच्या मुलांना शिकवलं. म्हणून आज मी वर्गातलाच एक विषय घेतला आहे. सी भाषेतला प्रोग्राम मेमरी कशी मागतो, कशी सोडतो आणि सोडलेल्या मेमरीचं पुढे काय होतं, एवढाच तो विषय आहे. संगणकाशी ज्यांचा कामापुरताच संबंध येतो त्यांनाही तो समजेल असा माझा प्रयत्न राहील. आपल्या खिशातल्या फोनपासून रुग्णालयातल्या यंत्रापर्यंत सगळीकडे हा प्रश्न रोज सुटत असतो, आणि कधीकधी सुटायचा राहून जातो.

हा विषय हेब्बाळमध्येच मांडावा असं वाटण्याला कारण आहे. इथून नागवाऱ्यापर्यंतच्या पट्ट्यात सॉफ्टवेअरची किती कार्यालयं उभी आहेत, हे सकाळच्या वेळी उड्डाणपुलावर अडकलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही. नागपूर, पुणे, सांगली, कोल्हापूर, बेळगाव इथल्या महाविद्यालयांतून आलेली आपली मुलं त्या कार्यालयांत काम करतात. तिथे शिकलेली सी भाषा आणि इथे लिहायची सी भाषा एकच आहे. फरक प्रोग्रामच्या आयुष्यात आहे. महाविद्यालयातला प्रोग्राम काही सेकंद जगतो. इथे लिहिलेला प्रोग्राम महिनोन्‌महिने न थांबता चालायचा असतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. सी भाषा मागितलेली मेमरी देते, पण ती परत करण्याची जबाबदारी कोणाची, हे ती कुठेही नोंदवत नाही. ती नोंद माणसाने करायची असते. आपण अभ्यासक्रमात मेमरी मागायला शिकवतो, ही नोंद करायला शिकवत नाही.

मेमरी कुठून येते

सी प्रोग्रामला माहिती ठेवायला तीन प्रकारच्या जागा मिळतात. पहिली कायमची. प्रोग्राम सुरू होताना ती मिळते आणि संपेपर्यंत राहते. दुसरी स्टॅक. फंक्शन सुरू झालं की त्याची जागा तयार होते, फंक्शन संपलं की आपोआप सुटते. या दोन्हींचं आयुष्य भाषेने ठरवलेलं असतं, त्यामुळे तिथे कोणी काय परत करायचं हा प्रश्नच उद्भवत नाही.

तिसरी जागा म्हणजे हीप. किती माहिती येणार आणि ती किती वेळ लागणार हे आधी ठाऊक नसतं, तेव्हा प्रोग्राम ‘मॅलॉक’ या फंक्शनला सांगतो, मला इतके बाइट हवेत. मॅलॉक एक पत्ता परत देतो. काम झालं की तोच पत्ता ‘फ्री’ला द्यायचा. देवघेव इतकी साधी आहे. पण त्या पत्त्यात फक्त एक संख्या असते. जागा किती मोठी, कोणी मागितली, अजून कोणाकोणाला लागणार, यांतलं काहीही त्या संख्येत नसतं.

मग फ्रीला नुसता पत्ता दिला तर किती बाइट सोडायचे हे त्याला कसं कळतं? उत्तर त्या पत्त्याच्या अलीकडे असतं. मॅलॉक आपल्याला दिलेल्या जागेच्या जरा आधी, सहसा काही बाइटांत, तुकड्याचा आकार लिहून ठेवतो. ६४ बिटी लिनक्सवर नेहमी वापरल्या जाणाऱ्या जीलिबसी या सी लायब्ररीमध्ये २४ बाइट मागितले तर ३२ बाइटांचा तुकडा बाजूला काढला जातो, आणि २५ मागितले तर ४८ बाइटांचा. आकार १६ च्या पटीत असतो आणि त्यात नोंदीची जागाही धरलेली असते. लहान लहान लाखो तुकडे मागणारा प्रोग्राम अपेक्षेपेक्षा जास्त मेमरी का खातो, त्याचं एक कारण हे आहे.

आणि ही नोंद आपल्याच माहितीला चिकटून असते. मागितलेल्या जागेच्या हद्दीबाहेर चार बाइट जास्त लिहिले, तर बहुधा शेजारच्या तुकड्याची नोंद बिघडते. त्या क्षणी काहीच होत नाही. पुढे कधीतरी, भलत्याच फंक्शनमध्ये फ्री बोलावलं जातं आणि प्रोग्राम तिथे कोसळतो. जिथे कोसळला तिथे चूक शोधणाऱ्याचा दिवस वाया जातो.

ब्रायन कर्निघन आणि डेनिस रिची यांच्या १९७८च्या पुस्तकातल्या शेवटच्या प्रकरणात मेमरीवाटपाची एक छोटी यंत्रणा लिहून दाखवली आहे. मोकळ्या तुकड्यांची साखळी ठेवायची, मागणीला पुरेल असा पहिला तुकडा द्यायचा, परत आलेला तुकडा शेजारच्या मोकळ्या तुकड्याला जोडायचा, आणि काहीच उरलं नाही तर ऑपरेटिंग सिस्टिमकडे आणखी मागायचं. दोन-तीन पानांचं ते काम आहे. पुढे डग ली यांनी १९८७ पासून लिहिलेला मॅलॉक, त्यावर वोल्फ्राम ग्लोगर यांनी बेतलेली आणि जीलिबसीने स्वीकारलेली आवृत्ती, जेसन इव्हान्स यांचा जेइमॅलॉक हे सगळे बरेच गुंतागुंतीचे झाले. तरी पाया तोच राहिला. प्रत्येक विद्यार्थ्याने ती पानं स्वतः टंकून, चालवून पाहावीत असं मला मनापासून वाटतं. त्यानंतर मॅलॉक हा चमत्कार राहत नाही.

फ्री काय करतं आणि काय करत नाही

सर्वांत जास्त गैरसमज इथे आहेत, म्हणून इथे थोडं थांबते.

फ्री मेमरी पुसत नाही. आपल्या हातातला पत्ताही बदलत नाही. फ्री झाल्यावर पॉइंटरमध्ये, म्हणजे पत्ता ठेवणाऱ्या चलात, तीच संख्या राहते आणि त्या जागी बरीचशी जुनी माहितीही तशीच असते. बदलते ती हक्काची नोंद. सातबाऱ्यावर फेरफार झाला म्हणून शेतातलं उभं पीक त्याच क्षणी नाहीसं होत नाही. जमीन तीच, बांध तेच, पण कालच्या मालकाने आज त्यात पाऊल टाकलं तर ते अतिक्रमण ठरतं. फ्री म्हणजे असा फेरफार आहे. फरक इतकाच की गावात हरकत घ्यायला तलाठी आणि नवा मालक असतात. सीमध्ये हरकत घेणारं कोणी नसतं.

त्यामुळे फ्री केल्यानंतरही जुना पत्ता वापरणारा प्रोग्राम बऱ्याचदा बरोबर उत्तर देतो, आणि विद्यार्थी म्हणतो, चाललं की. ते चाललं, कारण ती जागा अजून दुसऱ्या कोणाला दिलेली नव्हती. जीलिबसीमध्ये मोकळ्या झालेल्या तुकड्याच्या सुरुवातीच्या बाइटांत पुढच्या मोकळ्या तुकड्याचा पत्ता लिहिला जातो. मोकळ्या तुकड्यांची साखळी त्या तुकड्यांच्याच पोटात ठेवलेली असते. म्हणून फ्रीनंतर वाचलं तर पहिल्या काही बाइटांत विचित्र संख्या दिसतात आणि बाकीचं जुनंच दिसतं. आणि फ्रीनंतर लिहिलं तर ती साखळीच तुटते.

दुसरा गैरसमज असा की फ्री केलं की मेमरी ऑपरेटिंग सिस्टिमकडे परत जाते. सहसा जात नाही. लहान तुकडे प्रोग्रामच्याच हीपमध्ये पुढच्या मागणीसाठी राखून ठेवले जातात. २०१७ सालच्या २.२६ आवृत्तीपासून जीलिबसी प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या प्रत्येक थ्रेडसाठी वेगळा साठा ठेवते आणि त्यात मुळात प्रत्येक आकाराचे सात तुकडे राहू शकतात. मोठी मागणी, मुळात १२८ किलोबाइटांच्या वरची, वेगळ्या मार्गाने थेट कर्नलकडून, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडून, आणली जाते आणि फ्री होताच परत दिली जाते. ही मर्यादाही प्रोग्रामच्या वागण्यानुसार सरकते. लहान तुकड्यांची मेमरी परत जायची असेल, तर साधारणपणे हीपच्या वरच्या टोकाला मोठी सलग जागा मोकळी व्हावी लागते. टोकाशी एक छोटा तुकडा वापरात राहिला, तर त्याच्याखाली मोकळे झालेले मेगाबाइट तिथेच अडकून राहतात.

कार्यालयात यावरून होणारे वाद मी पुष्कळ ऐकले आहेत. सर्व्हरची मेमरी वाढली, काम ओसरलं तरी उतरली नाही, म्हणजे लीक आहे, मेमरी सोडायची राहून जाते आहे, असं कोणी म्हणतं. तेवढ्यावरून लीक ठरत नाही. तेवढंच काम पुन्हा दिल्यावर मेमरी आणखी वाढली तर संशय घ्यावा. त्याच पातळीवर राहिली, तर राखून ठेवलेली जागा पुन्हा वापरली गेली इतकाच अर्थ होतो.

तिसरा गैरसमज मॅलॉकबद्दल आहे. मॅलॉकने पत्ता दिला म्हणजे मेमरी मिळाली असं लिनक्सवर खात्रीने म्हणता येत नाही. कर्नल आधी फक्त पत्त्यांची रांग देतं. प्रत्यक्ष मेमरी, बहुतेक यंत्रांवर ४०९६ बाइटांच्या एकेका पेजने, पहिल्यांदा तिथे काही लिहिलं जातं तेव्हा जोडली जाते. सगळ्या प्रोग्रामना मिळून प्रत्यक्षात असलेल्या मेमरीपेक्षा जास्त कबूल करण्याची मुभा कर्नलला असते. सगळे एकदम आपला वाटा वापरायला आले, तर कर्नल एखाद्या प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रामचा, बळी घेऊन मेमरी सोडवतं, आणि तो बळी सर्वांत जास्त मागणाऱ्याचाच असेल असं नाही. म्हणून मॅलॉकचं उत्तर शून्य आलं का हे तपासायलाच हवं, पण ते तपासलं की काम संपलं असं समजू नये.

वर्गात काय राहून गेलं

आपल्याकडे सीचं नाव घेतलं की नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं नाव येतंच. ‘लेट अस सी’ हे त्यांचं पुस्तक देशभरातल्या मुलांनी वाचलं. त्यांनी केवळ पॉइंटरवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं, आणि पॉइंटरची भीती घालवण्याचं मोठं श्रेय त्यांना आहे. लहान शहरातल्या, इंग्रजी बेताची असलेल्या मुलाला संगणकाच्या आत डोकावता येतं, हा आत्मविश्वास त्या पुस्तकांनी दिला. त्या ऋणाची मला पूर्ण जाणीव आहे.

त्या पुस्तकांच्या काळातली प्रयोगशाळा म्हणजे डॉस ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि टर्बो सी हा कंपायलर. लहान मेमरी मॉडेलमध्ये कायमची माहिती, स्टॅक आणि हीप हे सगळं मिळून ६४ किलोबाइटांत बसायचं. प्रोग्रामला अडवणारी भिंत नव्हती. पडद्याच्या मेमरीचा पत्ता पॉइंटरमध्ये घालून थेट पडद्यावर अक्षरं उमटवता यायची, आणि ते करताना मुलांना खरा आनंद व्हायचा. शून्य पत्त्यावर लिहिलं तरी प्रोग्राम पुढे चालत राहायचा. शेवटी बाहेर पडताना टर्बो सी पडद्यावर ‘नल पॉइंटर असाइनमेंट’ असा इशारा छापायचा. माहितीच्या विभागाच्या सुरुवातीला ठेवलेला मजकूर शाबूत आहे का, हे तो जाताना तपासायचा. म्हणजे चूक कधी झाली हे कळत नसे, झाली होती एवढंच शेवटी कळायचं. आज लिनक्सवर तोच प्रोग्राम शून्य पत्त्याला हात लावताच ‘सेग्मेंटेशन फॉल्ट’ देऊन थांबतो. हे थांबणं मोठी सोय आहे, कारण चुकीची जागा लगेच सापडते.

प्रोग्राम काही सेकंदांत संपत असेल, तर फ्री केलं काय आणि नाही केलं काय, परीक्षेच्या गुणांत फरक पडत नाही. प्रोसेस संपली की आधुनिक ऑपरेटिंग सिस्टिम तिची सगळी मेमरी परत घेते. त्यामुळे लिंक्ड लिस्टच्या, म्हणजे पत्त्यांनी जोडलेल्या यादीच्या, प्रात्यक्षिकात नवा घटक (नोड) जोडण्याला गुण मिळतात आणि यादी सोडण्याचा कोड वहीत नसला तरी कोणी विचारत नाही. एकदा चालून संपणाऱ्या छोट्या साधनात शेवटी सगळं फ्री करणं आवश्यक नाही, हे मला मान्य आहे. पण आज छोट्या साधनात लिहिलेलं फंक्शन उद्या लायब्ररीत जातं, परवा कोणाच्या तरी सर्व्हरमध्ये. आपण किती वेळ जगणार आहोत हे फंक्शनला ठाऊक नसतं.

दोन घटना

मेमरी परत न करण्याची किंमत काय असते, ते दोन घटनांतून सांगते.

२६ ऑक्टोबर १९९२ रोजी लंडनच्या रुग्णवाहिका सेवेत संगणकाधारित नवी पाठवणी यंत्रणा सुरू झाली. पहिल्या दोन दिवसांतच गोंधळ झाला आणि काही कामं पुन्हा हाताने होऊ लागली. ४ नोव्हेंबरच्या पहाटे यंत्रणा मंदावली आणि पूर्ण गोठली. चौकशीत आढळलं की तीन आठवड्यांपूर्वी बदल करताना कोडचा एक छोटा भाग नजरचुकीने मागे राहिला होता. प्रत्येक रुग्णवाहिका रवाना झाली की सर्व्हरची थोडी मेमरी वापरली जायची आणि सोडली जायची नाही. एका फेरीत जाणारी मेमरी नगण्य होती. फेऱ्या साठत गेल्या आणि मेमरी संपली. ही चूक एका भाषेची नाही, न सोडलेल्या मेमरीची आहे. तिची दोन लक्षणं या घटनेत स्पष्ट दिसतात. चूक आणि परिणाम यांच्यात तीन आठवड्यांचं अंतर होतं. आणि काम जितकं जास्त, तितका शेवट लवकर. म्हणजे यंत्रणेची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच ती बंद पडण्याची शक्यता सर्वांत जास्त.

दुसरी घटना मंगळावरची. नासाची स्पिरिट ही बग्गी जानेवारी २००४ मध्ये तिथे उतरली आणि २१ जानेवारीला तिच्याशी नीट संपर्क होईना. ती पुन्हा पुन्हा रीसेट होत होती. तिच्या फ्लॅश मेमरीत पृथ्वीवरून निघाल्यापासूनच्या प्रवासातल्याही फाइली साठल्या होत्या. फाइल व्यवस्था त्या फाइलींची सूची रॅममध्ये उभी करायची, आणि फाइली पुसल्या तरी सूचीने व्यापलेली जागा आकसत नव्हती. शेवटी मेमरीची मागणी पूर्ण होईना, काम थांबलं, यंत्र रीसेट झालं. सुरू होताना तीच सूची पुन्हा उभी करायची, म्हणून पुन्हा रीसेट. अभियंत्यांनी फ्लॅश न वापरता बग्गी सुरू करवली, जुन्या फाइली काढल्या, फ्लॅश नव्याने तयार केली. सुमारे तीन महिन्यांसाठी पाठवलेली ती बग्गी त्यानंतर २०१० पर्यंत काम करत राहिली. पुसलं म्हणजे जागा सुटली असं गृहीत धरायचं नाही, हे यातून शिकावं. आणि मागणी नाकारली गेली तर काय करायचं हे आधी ठरवून ठेवावं. नाकारलं तर रीसेट आणि रीसेटनंतर तीच मागणी, हे ठरवणं नव्हे.

मेमरी सोडायची राहून गेली तर यंत्रणा बंद पडते. सोडल्यावरही वापरली, किंवा दोनदा सोडली, तर त्याहून वाईट घडू शकतं. मोकळी झालेली जागा दुसऱ्या माहितीला दिली जाते, आणि जुना पॉइंटर हातात असलेला कोड ती नवी माहिती आपलीच समजून वापरतो. त्या जागी काय यावं हे हल्लेखोराला ठरवता आलं, तर संगणकाचा ताबाच त्याच्याकडे जातो. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं की दर वर्षी दुरुस्त कराव्या लागणाऱ्या त्यांच्या सुरक्षाविषयक त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या गैरवापराच्या असतात. क्रोम ब्राउझरमागच्या क्रोमियम प्रकल्पाने २०२० मध्ये गंभीर त्रुटींबाबत जवळपास तेवढाच आकडा दिला, आणि त्यातल्या साधारण निम्म्या केवळ फ्रीनंतरच्या वापराच्या होत्या. जगातले निष्णात प्रोग्रामर असलेल्या संस्थांचे हे आकडे आहेत. नवशिक्यांचा निष्काळजीपणा म्हणून ते बाजूला सारता येत नाहीत.

दीर्घायुषी प्रोग्रामची आणखी एक अडचण आहे. दहा मेगाबाइट मोकळे आहेत, पण शंभर-शंभर बाइटांच्या विखुरलेल्या तुकड्यांत. अशा वेळी एक किलोबाइट सलग मागितला तर त्या मोकळ्या जागेतून देता येत नाही. तुकडे सरकवून जागा एकत्र का करत नाहीत, असं मुलं विचारतात. सीमध्ये ते शक्य नाही. प्रोग्रामने तो पत्ता कुठे कुठे लिहून ठेवला आहे हे मॅलॉकला ठाऊक नसतं. तुकडा हलवला तर ते सगळे पत्ते खोटे ठरतील. पुन्हा तीच उणीव समोर येते, कोणाचा हक्क कुठे आहे याची नोंद नाही.

नोंद कशी करायची

उपाय आहेत, आणि ते अवघड नाहीत.

पहिला उपाय मालकी ठरवण्याचा. मेमरीच्या प्रत्येक तुकड्याला एका वेळी एकच मालक असावा आणि तो कोण हे फंक्शनच्या वर एका ओळीत लिहिलेलं असावं. हे फंक्शन दिलेला पत्ता स्वतःकडे ठेवतं की वापरून परत देतं? परत दिलेला पत्ता बोलावणाऱ्याने फ्री करायचा की नाही? एवढी दोन उत्तरं लिहिली तरी निम्मे घोटाळे टळतील, असं माझा अनुभव सांगतो. वस्तू तयार करणाऱ्या प्रत्येक फंक्शनला ती मोडणाऱ्या फंक्शनची जोडी असावी, आणि दोन्ही एकाच दिवशी लिहावीत.

दुसरा उपाय फंक्शनमधून बाहेर पडण्याची वाट एकच ठेवण्याचा. मध्येच चूक आढळली की लगेच परत फिरणाऱ्या कोडमध्ये आधी घेतलेलं सोडायचं राहून जातं. लिनक्स कर्नलमध्ये अशा वेळी ‘गोटू’ने शेवटच्या आवराआवरीच्या भागाकडे जातात आणि घेतलं त्याच्या उलट क्रमाने सोडतात. वर्गात गोटू निषिद्ध असतो, पण इथे तो शिस्तीसाठी वापरलेला आहे. घेतलेल्या तुकड्याचा आकार वाढवणाऱ्या ‘रिॲलॉक’चं उत्तरही जुन्याच पॉइंटरमध्ये थेट घेऊ नये. मागणी नाकारली गेली तर शून्य येतं, जुना तुकडा वापरातच राहतो आणि त्याचा पत्ता मात्र हरवतो.

तिसरा उपाय प्रश्नच लहान करण्याचा. सर्व्हरकडे आलेल्या एका विनंतीसाठी लागणारी सगळी मेमरी एका साठ्यातून घ्यावी आणि विनंती संपली की साठा एकदम सोडावा. त्यामुळे शेकडो आयुष्यांचा हिशेब एका आयुष्यावर येतो. गाड्यांच्या सॉफ्टवेअरसाठी तयार झालेले मिस्राचे नियम तर मॅलॉक आणि फ्री वापरूच नका असं सांगतात. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या जेरार्ड होल्झमन यांनी २००६ मध्ये दहा नियम मांडले, त्यांत एक आहे, सुरुवातीची तयारी झाल्यानंतर नवी मेमरी मागायची नाही. ब्रेकचं नियंत्रण करणाऱ्या सॉफ्टवेअरला मागणी नाकारली जाण्याचा धोका पत्करता येत नाही.

चौथा उपाय साधनांचा. ज्युलियन सिवर्ड यांनी सुरू केलेलं, मेमरीच्या चुका शोधणारं व्हॅलग्रिंड २००२ पासून विनामूल्य मिळतं. जीसीसी आणि क्लँग या कंपायलरांमध्ये ॲड्रेससॅनिटायझर कित्येक वर्षांपासून आहे. एक पर्याय जोडून कंपाइल करा, आणि फ्रीनंतरचा वापर कोणत्या ओळीत झाला, तो तुकडा कुठे घेतला होता, कुठे सोडला होता, हे तिन्ही छापून येतं. सी भाषा जी नोंद ठेवत नाही, ती ही साधनं चाचणीपुरती ठेवतात. २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेल्या रस्ट भाषेने तर मालकीची नोंद भाषेतच आणली आणि ती तपासण्याचं काम कंपायलरला दिलं. नवं काम हाती घेताना तिचा विचार जरूर करावा. पण सीमध्ये लिहिलेलं जग फार मोठं आहे, आणि ते सांभाळण्यासाठी सी नीट जाणणारी माणसं पुढची अनेक वर्षं लागणार आहेत.

म्हणून महाराष्ट्रातल्या, बेळगावातल्या आणि इथल्याही शिक्षकांना माझी विनंती आहे. लिंक्ड लिस्टच्या प्रात्यक्षिकाला एक अट जोडा. तोच प्रोग्राम दहा लाख वेळा यादी बांधेल आणि मोडेल, त्याची मेमरी सुरुवातीला होती तेवढ्याच पातळीवर राहील, आणि व्हॅलग्रिंडच्या अहवालात एकही बाइट हरवलेला नसेल. तो अहवाल वहीत चिकटवल्याशिवाय सही देऊ नका. यासाठी नवं यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत, अभ्यासक्रम बदलण्याची वाटही पाहावी लागत नाही. आणि इथे काम करणाऱ्या ज्येष्ठांनी कोड तपासताना प्रत्येक मॅलॉकपाशी थांबून एकच प्रश्न विचारावा, हे परत कोण करणार? उत्तर कोडमध्ये लिहिलेलं नसेल, तर तो बदल स्वीकारू नये.

ही सवय एकदा लागली की ती फक्त मेमरीपुरती राहत नाही. फाइल, नेटवर्कची जोडणी, लॉक, जे जे मागून घेतलं जातं त्या प्रत्येकाला तोच नियम लागू पडतो. अभियंता विश्वासू आहे की नाही हे त्याने काय उभारलं यावरून जितकं कळतं, तितकंच वापरून झालेलं त्याने कसं परत केलं यावरूनही कळतं, असं मी मानते.